ठोकळ्यांची पहिली पेटी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

एका ईदची गोष्ट सांगतो. मुलगी माहेरी आली होती. नातू नुकताच चार वर्षांचा झालेला. ईदी म्हणून पैसे देण्यापेक्षा त्याला काहीतरी वस्तू द्यावी असं मनात आलं आणि मी एकमेकींत बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांचा खोका घेऊन आलो. त्याच्या हातात पडणारा असला हा पहिलाच खोका. घरात शिरखुर्म्याच्या वाट्या फिरत होत्या, पाहुण्यांची ये-जा चालू होती. मी जमिनीवरच बसकण मारली आणि खोका उघडला. आत रंगीत विटांच्या पिशव्या आणि एक चित्रांची पुस्तिका. पुस्तिकेत आगीच्या बंबाचं चित्र होतं. मी म्हटलं, "थांब हं, नाना तुला करून दाखवतो."

करून दाखवण्यात पाऊण तास गेला. चाकं बसली, शिडी बसली. मोठ्या अभिमानानं मान वर केली, तर नातू समोर नव्हता. तो अंगणात होता. रिकामा खोका डोक्यावर घालून भिंतीला धडका देत होता आणि खदखदून हसत होता.

मुलगी म्हणाली, "अब्बा, हे खेळणं त्याला आणलंत की स्वतःला?"

सगळे हसले. मीही हसलो. पण ते वाक्य रात्री अंथरुणावर पडल्यावर पुन्हा आठवलं. मुलाच्या हातात पहिल्यांदा विटा द्यायच्या म्हणजे नेमकं काय द्यायचं? विटा द्यायच्या, की आपण ठरवलेला बंब द्यायचा? या प्रश्नाचा माग काढत मी ठोकळ्यांच्या इतिहासात शिरलो. जे सापडलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं.

पण आधी माझ्या स्वतःच्या पहिल्या विटा. माझे अब्बा गवंडी होते. कृष्णाकाठी आमचं गाव, नदीकाठाला वीटभट्ट्या. सुट्टीच्या दिवशी ते मला बांधकामावर घेऊन जायचे आणि फुटक्या, अर्ध्यामुर्ध्या विटांच्या ढिगापाशी सोडून द्यायचे. मी भिंत रचायचो, ती पडायची. ते थापी हातात धरून लांबून बघायचे, बोलायचे काही नाहीत. शेवटी एके दिवशी मीच विचारलं, "अब्बा, तुमची भिंत का पडत नाही?" तेव्हा त्यांनी माझं बोट धरलं आणि त्यांनी बांधलेल्या भिंतीवरून फिरवलं. "बघ, सांध्यावर सांधा येतोय का?" खालच्या दोन विटांमधल्या फटीवर वरची वीट बरोबर मधोमध बसलेली. एवढंच सांगितलं आणि ते पुन्हा कामाला लागले. त्या वर्षी दिवाळीत गल्लीतल्या मुलांनी किल्ला केला तेव्हा बुरुजाचं काम माझ्याकडे आलं. माती सगळ्यांकडे होती, पण विटा माझ्याकडे होत्या. शिवाय माझा बुरूज पडत नव्हता.

असो. आता इतिहासाकडे वळू.

मुलांना शिकवण्यासाठी ठोकळा वापरावा ही कल्पना युरोपात जुनी आहे. १६९३ साली इंग्लंडमधले तत्त्वज्ञ जॉन लॉक यांनी मुलांच्या शिक्षणावरच्या पुस्तकात सुचवलं, की फाशांवर अक्षरं चिकटवावीत, म्हणजे मूल खेळता खेळता वाचायला शिकेल. पण इथे महत्त्व अक्षराला होतं. ठोकळा म्हणजे नुसती अक्षराची पाठ. ठोकळ्यातच काही शिकण्यासारखं आहे, हे ठामपणे म्हणणारा माणूस पुढे जर्मनीत निघाला. त्याचं नाव फ्रीड्रिख फ्रोबेल.

फ्रोबेलचा जन्म १७८२ सालचा, थुरिंगिया भागातल्या ओबरवाइसबाख या गावातला. वडील धर्मोपदेशक. मूल वर्षाचंही झालं नव्हतं तेव्हा आई वारली. एकटं वाढलेलं हे पोर पुढे वनाधिकाऱ्याच्या हाताखाली जंगलात उमेदवारी करायला गेलं, मग शिक्षक झालं, नेपोलियनविरुद्धच्या युद्धात स्वयंसेवक म्हणून लढलं आणि नंतर बर्लिनमध्ये क्रिस्टियान वाइस या प्राध्यापकांच्या हाताखाली स्फटिकांच्या संग्रहावर काम करू लागलं. मिठाचा खडा फोडला तरी प्रत्येक तुकड्याला त्याच काटकोनी बाजू असतात, हे आपणही पाहतो. स्फटिकांच्या आतली ही शिस्त पाहता पाहता फ्रोबेलला निसर्गाच्या रचनेचं वेड लागलं. लहान मुलाच्या हाती ही रचना कशी देता येईल, हा त्यांच्या आयुष्याचा प्रश्न होऊन बसला.

१८३७ साली बाड ब्लांकेनबुर्ग या गावी त्यांनी लहान मुलांच्या खेळासाठी आणि उद्योगासाठी एक संस्था काढली. १८४० साली तिला नाव दिलं 'किंडरगार्टन', म्हणजे मुलांची बाग. आपल्याकडे पुढे 'केजी' म्हणून जे रूढ झालं त्याचं मूळ हे. तिथे मुलांना क्रमाक्रमानं साधनं दिली जायची. फ्रोबेल त्यांना 'भेटी' म्हणत. पहिली भेट लोकरीच्या सहा रंगीत चेंडूंची. दुसरी लाकडी गोल, घन आणि दंडगोल यांची. आणि तिसरी, आपल्या विषयाची. लाकडाच्या छोट्या पेटीत दोन इंची एक घन, पण तो उभा-आडवा कापून एक-एक इंचाचे आठ घन केलेले. चौथ्या भेटीत तेवढाच घन, पण त्याचे आठ तुकडे विटांसारखे. दोन इंच लांब, एक इंच रुंद, अर्धा इंच जाड. हे माप वाचलं तेव्हा मला हसू आलं. लांबीच्या निम्मी रुंदी, म्हणजे आडव्या दोन विटा शेजारी ठेवल्या की त्यांवर उभी एक बरोबर बसते. सांधा चुकवण्याची अब्बांची सगळी विद्या या मापात आहे.

ही पेटी मुलाला पहिल्यांदा कशी द्यायची, याचीही पद्धत होती. पेटी टेबलावर उपडी ठेवायची, सरकतं झाकण खालून ओढून घ्यायचं आणि पेटी अलगद वर उचलायची. मुलासमोर अखंड घन उभा राहतो. तुकड्यांचा ढीग नव्हे, एक पूर्ण वस्तू. मग मूल तिला हात लावतं आणि त्याला कळतं, की ही सुटते. आणि सुटली तरी पुन्हा जुळते. खेळ संपला की आठही तुकडे जुळवून घन करायचा आणि पेटीत ठेवायचा. मोडणं आणि नासणं एक नव्हे, हे मुलाला शब्दांवाचून समजावं अशी ही सोय होती. ज्याची आई नकळत्या वयात गेली त्या माणसाला ही सोय सुचली, हे मला विसरता येत नाही.

या ठोकळ्यांतून तीन तऱ्हेचे आकार व्हावेत असं फ्रोबेल सांगत. एक जगण्यातले आकार, म्हणजे खुर्ची, जिना, पूल, विहीर. दुसरे सौंदर्याचे आकार, आपल्या रांगोळीसारख्या सारख्या बाजूंच्या नक्षी. तिसरे ज्ञानाचे आकार, म्हणजे अर्धा, पाव, अष्टमांश. आठ ठोकळ्यांत घर, रांगोळी आणि गणित, तिन्ही.

इतक्या निरुपद्रवी खेळावर सरकारची वक्रदृष्टी होईल असं कुणाला वाटेल? पण झाली. १८४८ च्या क्रांतीनंतर जर्मन संस्थानिक बिथरलेले होते. फ्रोबेलच्या पुतण्यानं, कार्लनं, मुलींच्या शिक्षणाविषयी आणि किंडरगार्टनविषयी एक पुस्तिका काढली होती. काका-पुतण्यांची मतं एकच धरून प्रशियाच्या सरकारनं ऑगस्ट १८५१ मध्ये किंडरगार्टनवर बंदी घातली. आरोप होता नास्तिकपणाचा आणि समाजवादाचा. फ्रोबेल यांनी खुलासे केले, कुणी ऐकलं नाही. २१ जून १८५२ रोजी ते वारले तेव्हा बंदी तशीच होती. ती उठली १८६० साली. श्वाइना गावी त्यांची कबर आहे. तिच्यावर दगडाचा घन, त्यावर दंडगोल आणि त्यावर गोल, असं स्मारक आहे. मुलांना दिलेली दुसरी भेटच त्यांच्या उशाशी उभी केली आहे.

बंदीचा एक परिणाम मात्र सरकारला नको होता तसा झाला. त्यांचे अनुयायी, विशेषतः त्यांच्या हाताखाली शिकलेल्या स्त्रिया, देशाबाहेर पडल्या आणि ठोकळे इंग्लंड-अमेरिकेत पोचले. १८७६ साली फिलाडेल्फियाला भरलेल्या मोठ्या प्रदर्शनात एका शिक्षिकेनं ते पाहिले आणि आपल्या नऊ वर्षांच्या मुलासाठी घेतले. हा मुलगा म्हणजे पुढचे जगप्रसिद्ध वास्तुशिल्पी फ्रँक लॉइड राइट. आपल्या आत्मचरित्रात त्यांनी या ठोकळ्यांचं ऋण मोकळेपणानं मान्य केलं आहे.

पण मित्रहो, इथेच गोष्टीला वळण लागतं. फ्रोबेल गेले आणि त्यांची पद्धत मोठ्यांच्या हातात राहिली. मोठ्यांच्या हाती पद्धत आली की तिची कवायत होते. अनेक बालवर्गांत मुलं चौकटी आखलेल्या टेबलांपाशी बसू लागली आणि बाईंच्या हुकुमाबरोबर ठोकळे हलवू लागली. आता एक ठोकळा उजवीकडे, आता एक वर. चाळीस हात, एकच आकृती. म्हणजे माझा आगीचा बंबच की!

याविरुद्ध विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत काही शिक्षिका उभ्या राहिल्या. पॅटी स्मिथ हिल यांनी चिमुकले ठोकळे बाजूला ठेवून जमिनीवर मांडायचे मोठे ठोकळे केले. न्यूयॉर्कच्या कॅरोलाइन प्रॅट स्वतः सुतारकाम जाणणाऱ्या. त्यांनी १९१४ साली आपली शाळा सुरू केली आणि तिच्यासाठी साध्या, रंग न दिलेल्या लाकडाचे ठोकळे घडवले. मूळ ठोकळा साडेपाच इंच लांब, त्याच्या निम्मा रुंद, रुंदीच्या निम्मा जाड. पुन्हा विटेचंच प्रमाण! बाकीचे ठोकळे याच्या दुप्पट, चौपट किंवा निम्मे. चित्र नाही, अक्षर नाही, सूचना नाही. या रचनेचं पेटंटही त्यांनी घेतलं नाही. आज जगभरच्या बालशाळांत लाकडी ठोकळ्यांची जी मांडणी दिसते ती बहुतेक त्यांची.

त्यांच्याच परिवारातल्या हॅरिएट जॉन्सन यांनी १९३३ साली ठोकळ्यांच्या खेळावर एक छोटं पुस्तक लिहिलं. त्या मुलांना शिकवत बसल्या नाहीत. त्या बघत बसल्या. त्यांच्या लक्षात आलं, की मूल पहिल्यांदा ठोकळ्यांचं काहीच बांधत नाही. ते ठोकळे उचलतं आणि इकडून तिकडे नेतं, बस्स. मग रांग लावतं किंवा चळत रचतं, आणि तेच पुन्हा पुन्हा करतं. मग एक दिवस दोन ठोकळ्यांवर तिसरा आडवा ठेवतं, म्हणजे पूल होतो. मग चार बाजूंनी आवार घालतं. मग नक्षी येते. "हे घर आहे" असं नाव द्यायला मूल त्यानंतर लागतं आणि खरोखरच्या पाहिलेल्या इमारतीसारखं बांधणं येतं सगळ्यात शेवटी. आणि मी काय केलं होतं? पहिल्या पायरीवरच्या मुलाला उचलून थेट शेवटच्या पायरीवर नेऊन बसवलं होतं. ते तिथून उठून गेलं, यात नवल काय?

आपल्याकडे हा विचार आला तो प्रामुख्यानं माँटेसोरीबाईंच्या पद्धतीतून. तिच्यातही ठोकळे आहेतच. दहा सेंटिमीटरपासून एक सेंटिमीटरपर्यंत उतरत्या दहा घनांचा गुलाबी मनोरा अनेकांनी पाहिला असेल. भावनगरला गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर काढलं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या आपल्या ताराबाई मोडक. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली आणि १९४५ साली ताराबाई ठाणे जिल्ह्यात, आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम घेऊन गेल्या. अनुताई वाघ त्यांच्या सोबतीला होत्या. शहरातल्या बालमंदिरांची साधनं महाग, खेड्यात ती परवडायची कशी? या दोघींनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या अशा भोवती सापडणाऱ्या वस्तूंचीच साधनं केली. आदिवासी पाड्यांवरची मुलं बालवाडीपर्यंत येईनात, तेव्हा बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. तीच अंगणवाडी. पुढे १९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झालेल्या बालविकास योजनेतल्या केंद्रांना आपण याच नावानं ओळखतो. ज्याच्या घरी खेळण्यांची पेटी कधीच येणार नाही अशा मुलापर्यंत ही गोष्ट पोचवण्याचं श्रेय या दोघींचं आहे.

आता माझ्या खोक्यातल्या प्लॅस्टिकच्या विटांकडे येऊ. या जातीच्या विटांचं सर्वांत प्रसिद्ध घराणं डेन्मार्कमधल्या बिलुंड या छोट्या गावचं. तिथल्या ओले किर्क क्रिस्टियान्सन या सुताराचा धंदा मंदीत बसला. १९३२ साली बायको वारली, पदरी चार मुलगे. त्याच वर्षी त्यानं लाकडी खेळणी करायला घेतली. पुढे कंपनीला नाव दिलं 'लेगो'. 'छान खेळ' अशा अर्थाच्या दोन डॅनिश शब्दांची ती जोडणी. १९४२ साली कारखाना जळाला, तो पुन्हा उभा केला. १९४६ साली त्यानं प्लॅस्टिक ओतण्याचं यंत्र मागवलं. इंग्लंडमध्ये हिलरी फिशर पेज यांनी 'किडिक्राफ्ट' या नावानं एकमेकींत बसणाऱ्या विटा केल्या होत्या, त्यांचे नमुने बिलुंडला पोचले होते. त्यांवरून सुधारून लेगोच्या विटा १९४९ साली बाजारात आल्या.

या विटा आतून पोकळ होत्या. वरच्या गुंड्यांवर दुसरी वीट बसायची खरी, पण पकड कच्ची. जरा धक्का लागला की घर सुटायचं. ओले किर्कचा मुलगा गॉटफ्रेड यानं त्यावर तोड काढली. विटेच्या पोकळीत नळ्या बसवल्या. आता खालच्या विटेची गुंडी वरच्या विटेच्या बाजू आणि नळी यांच्यामध्ये घट्ट धरली जाते. २८ जानेवारी १९५८ रोजी या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज झाला. त्यानंतर दोन महिन्यांच्या आतच म्हातारा सुतार वारला. १९६० साली लाकडी खेळण्यांच्या गोदामाला आग लागली, तेव्हा लाकडाचं काम बंदच केलं. १९५८ सालची वीट आज केलेल्या विटेत अजूनही बसते. १९६९ साली लहानग्यांसाठी सर्व बाजूंनी दुप्पट मापाच्या विटा आल्या. त्या तोंडात घातल्या तरी घशात जाणार नाहीत एवढ्या मोठ्या, आणि तरी छोट्या विटांशी जुळणाऱ्या.

आठ गुंड्यांच्या, एकाच रंगाच्या दोन विटा २४ तऱ्हांनी जोडता येतात. तीन विटा १,०६० तऱ्हांनी. आणि सहा विटा? ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ तऱ्हांनी. हा हिशेब गणितज्ञांनी संगणकावर केलेला आहे. म्हणजे सहा विटा मुलाच्या हातात दिल्या की ९१ कोटींहून अधिक वाटा त्याच्यापुढे उघडतात. आणि आपण पुस्तिका उघडून म्हणतो, "हे बघ, असं करायचं."

पुस्तिकेला माझा विरोध नाही. पाहून करण्यातही आनंद आहे, हात बसतो, चिकाटी येते. आम्ही कवी मंडळीसुद्धा आधी दुसऱ्यांच्या चालीवरच शब्द बसवतो. पण तिची पाळी नंतरची. फ्रोबेलपासून बिलुंडच्या सुतारापर्यंत सगळ्यांनी मुलाच्या हातात मोकळा ठोकळा ठेवला, आणि दर वेळी आम्ही मोठ्यांनी तो परत आपल्या हातात घेतला. कधी बंदीहुकूम काढून, कधी कवायत करून, कधी नुसत्या प्रेमानं. प्रेमानं घेतलेला तर परत मागायचीही मुलाला सोय नसते.

ईदच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी बंब सोडवला. सगळ्या विटा परातीत ओतल्या, परात ओट्यावर ठेवली, पुस्तिका कपाटात टाकली आणि जवळच वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसलो. अक्षर एक वाचलं नाही, हे वेगळं सांगायला नको. नातू आला. बराच वेळ त्यानं परातीत नुसता हात फिरवला, आवाज ऐकला. मग खिसे भरले आणि विटा एक-एक करून त्याच्या नानीच्या चपलेत नेऊन ठेवल्या. पुन्हा आला, पुन्हा भरल्या. मला हॅरिएट जॉन्सन आठवल्या आणि मी गप्प राहिलो. दुपारी ओट्यावर रांग लागली. जायच्या आदल्या संध्याकाळी दोन मनोरे शेजारी शेजारी उभे राहिले, वीट बरोबर विटेवर. धक्का लागला आणि दोन्ही दोन बाजूंना पडले. सांध्यावर सांधा! माझा हात पुढे झाला होता. तो मी मागे घेतला. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग मनोऱ्यांकडे पाहिलं आणि पुन्हा रचायला घेतले.

का पडतं, हे त्यानं अजून विचारलेलं नाही. घराची मागची भिंत अब्बांनी स्वतः बांधलेली आहे आणि तिला मी अजून गिलावा केलेला नाही. त्यानं विचारलं, की त्याचं बोट धरून तिच्यापाशी घेऊन जाईन.